वेदीपासून घरापर्यंत
मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 5 ते 7 या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाचे आचरण संसारी माणसाला शक्य आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारपरंपरेत फार जुना आहे. मध्ययुगीन चर्चने आज्ञा, म्हणजे सर्वांना बंधनकारक नियम, आणि उपदेश, म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य यांसारखी स्वेच्छेने घ्यायची व्रते, असा भेद करून एक वाट काढली. मार्टिन ल्यूथरने ती नाकारून चांभाराच्या रोजच्या कामालाही ईश्वरी पाचारणाचा दर्जा दिला.

तथापि प्रवचनाची खरी कसोटी व्रतांत नसून एका लहानशा सूचनेत आहे. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे ती सांगते. येथे आपली तक्रार नव्हे, तर दुसऱ्याची तक्रार निर्णायक ठरते, आणि दोष कोणाचा हे विचारलेलेही नाही. शिवाय श्रोते गालीलातले, वेदी यरुशलेमच्या मंदिरातली. म्हणजे समेटासाठी काही दिवसांची पायपीट आलीच. ही अतिशयोक्ती हेतुपुरस्सर असावी, पण म्हणून ती सौम्य करून वाचणे हा भाष्यकारांचा सोयीस्कर पळ होय.

अर्पणाआधी समेट हा क्रम उपासनेतही दिसतो: पूर्वेकडील बहुतेक उपासनाविधींत परस्परांना शांतीचे अभिवादन मुख्य अर्पण-प्रार्थनेपूर्वी केले जाते. रोमन विधीत मात्र ते त्या प्रार्थनेनंतर, ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या किंचित आधी येते.