उचलून नेणे आणि वाट देणे

मातापित्यांची सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे श्रावणबाळाची कावड उभी राहते. तो पुत्र आपणांस इतका प्रिय आहे की कावडीत बसलेल्या दोघांचा विचार करावयाचे आपण सहसा विसरतो. श्रावण पाणी आणावयास गेला आणि परतला नाही. कावड जेथे ठेवली होती तेथेच राहिली. वाहून नेणाऱ्याचे पुण्य वाढते, तसे वाहिल्या जाणाऱ्याचे पारतंत्र्यही वाढते.

हा प्रश्न मला भेटला तो सौंसरास, मावशीच्या दारात. (सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ पासून मध्य प्रदेशाचा स्वतंत्र जिल्हा झाला, घरांतली बोली मात्र सीमेपलीकडच्या नागपूरकडचीच.) पक्षाघातानंतर मावशी चाकांच्या खुर्चीत आली. घराचे जोते दोन फूट उंच. मुलगे धट्टेकट्टे, तिला खुर्चीसकट उचलून अंगणात ठेवीत. पण ते संत्र्यांच्या बागेत गेले की ओसरी हीच तिची सीमा.

उतार बांधावयाचे ठरले, तेव्हा गणित पुढे आले. एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे शासकीय मान. म्हणजे दोन फुटांस चोवीस. अंगण अठरा फूट. तेव्हा बारा फूट सरळ, मग वळण्यास पाच फुटांची सपाट जागा, आणि तेथून कुंपणालगत उरलेले बारा फूट. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे काम फोडते; म्हणून ती उपसून मुरूम ठोकणे आले. रुंदी चार फूट, दोहों बाजूंस कठडा, पृष्ठभाग खरखरीत. हे सारे गवंड्यास समजले. अडचण निघाली ती तुळशीवृंदावनाची. ते नेमके वाटेत होते.

मावशी म्हणाली, "माझ्या चार दिवसांसाठी तुळस हलवू नका रे. पोरं उचलतात ना मला."

तिच्या शब्दाचा मान ठेवावा, हे प्रथम मलाही योग्य वाटले. परंतु त्याच ओट्याशी पूर्वी मोटारसायकलीसाठी सिमेंटचा उतार झाला होता, इतका तीव्र की त्यावरून खुर्ची नेणे म्हणजे कडेलोटच. त्या वेळी कोणी कोणाची अनुमती मागितली नव्हती, आणि यंत्रास संकोचही वाटला नव्हता. ज्यास प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते तो हळूहळू आपल्या इच्छाच आखूड करून घेतो. असा नकार स्वतंत्र म्हणावा काय? २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा सार्वजनिक इमारतींच्या पायऱ्यांशी बोलतो. आपल्या घराच्या उंबरठ्याशी आपणच बोलावयाचे असते. (गोव्यातील वाचकांनी आपल्या बलकांवाच्या पायऱ्या या दृष्टीने एकदा मोजून पाहाव्यात.)

तथापि तिचा नकार डावलणे हीदेखील उचलून नेण्याचीच एक तऱ्हा झाली असती. म्हणून मी प्रश्न बदलला. "मावशी, उतार असता तर तू कुठे गेली असतीस?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "समोर. तिच्याकडे गेले नाही, वर्ष झालं."

वृंदावन चार फूट सरकले. जागा मावशीनेच दाखविली. चढताना अजून नातवाचा हात लागतो. पहिल्याच आठवड्यात एके दुपारी घरात शोधाशोध झाली. मावशी समोरच्या ओसरीपुढे बसली होती, आणि निघताना तिने कोणास सांगितले नव्हते.