नगराच्या रस्त्यांत खेळणाऱ्या मुली

(जखऱ्या ८:५)



ओसाड पडलेलें यरुशलेम पुन्हां वसेल तेव्हां तें कसें दिसेल, हें जखऱ्या संदेष्ट्यास दाखविण्यांत आलें. तट व वेशी यांचें वर्णन आपण अपेक्षिलें असतें. परंतु या ओवींत तो रस्त्यांत खेळणारीं लेंकरें दाखवितो, आणि मुलग्यांबरोबर मुलींचेंहि नांव घेतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या मंडळ्यांनीं हा शब्द नीट वाचावा. कित्येक गांवीं संध्याकाळीं मुलगे व्हॉलीबॉल खेळतात, आणि त्यांच्याच वयाच्या मुली हापशावर गुंड घेऊन उभ्या असतात.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका सभासदानें सातवी झालेली मुलगी घरीं ठेवली. आम्ही त्याची समजूत घालावयास गेलों. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांचें नांव घेतलें. त्यांच्याहि आधीं अहमदनगरास मुलींस शिकविणाऱ्या मिस सिंथिया फॅरार यांचें घेतलें. त्यानें सर्व शांतपणें ऐकलें आणि विचारलें, “पाळकसाहेब, बस फाट्यावर सोडते. तेथून अंधारांत पोरीला घरीं कोण आणील?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या रानांत वाघाचें भय कल्पित नव्हे. आम्ही प्रार्थना करून परत आलों, व ती मुलगी पुन्हां शाळेंत गेली नाहीं. दोष बापाचा, असें आम्ही पुष्कळ दिवस मानीत होतों. आतां मानीत नाहीं.

लहान गांवची शाळा बहुधा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षीं थांबतो, आणि मुलीच्या अडचणी तर तेव्हांच वाढतात. परीक्षेच्या सुमारास मोह पडतो, मग तेंदूपान, पावसांत रोवणी. धाकटीं भावंडें कोणी सांभाळावीं? माडिया गांवांत पाळीच्या दिवसांत मुलीस कुर्माघरांत राहावें लागतें. आपण ख्रिस्ती म्हणून त्यांस हसूं नये. आपल्याहि कित्येक मुली ते दिवस घरींच काढतात, आणि आपण कारण विचारीत नाहीं. मानव विकासाची निळी बस व मुलींस मिळणारा फुकट पास हें मोठें साह्य आहे, परंतु बस फाट्यापर्यंत. पुढचा रस्ता गांवाचा.

आतां खेळाविषयीं. खोखोंत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी बसतात व नववी धांवते. गणिताच्या तासास एक मुलगी आली नाहीं तर गुरुजी हजेरींत खूण करतात. खोखोस आली नाहीं तर संध्याकाळपर्यंत आठ जणी तिच्या दारांत उभ्या राहतात. आमच्या अनुभवानें, पाळकास नाहीं म्हणणें आईस सोपें जातें. आठ पोरींस नाहीं म्हणणें जड जातें. शिवाय जो बाप शाळेच्या सभेस कधीं येत नाहीं, तो सामन्यास येतो, आणि आपल्या लेंकीचें नांव लोक मोठ्यानें घेतांना ऐकतो. त्यानंतर तिच्या लग्नाची बोलणी जराशी लांबतात. खेळाडूंस दहावींत सवलतीचे गुण व सरकारी नोकऱ्यांत पांच टक्के राखीव जागा आहेत, हेंहि त्यास अवश्य सांगावें. तो व्यवहारी मनुष्य आहे.

२०१८ च्या मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांचे पांच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोंचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. प्रत्येक मुलीनें डोंगर चढावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोणीं तरी त्या लेंकरांस निवडलें, शिकविलें, खर्च सोसला, तेव्हां तीं तेथवर गेलीं.

याईराच्या घरची मुलगी बारा वर्षांची होती. लोक ती गेली असें ठरवून रडत होते, आणि प्रभु बोलला तेव्हां हंसले. त्यानें तिचा हात धरून उठविलें, व तिला कांहीं खावयास द्या असें घरच्यांस सांगितलें. उठविणें त्याचें, जेवण घालणें त्यांच्याकडे राहिलें.

आमच्या एका मंडळीनें मंदिराच्या आवारांतील मैदान आठवड्यांतून दोन संध्याकाळीं मुलींस दिलें आहे. कुरकुर झाली, मुलग्यांची अधिक. त्या दिवशीं तीन घरचीं माणसें पाळीपाळीनें बॅटरी घेऊन फाट्यावर जातात आणि बसमधून उतरणाऱ्या सर्व मुलींस, मग त्या कोणत्याहि जातीच्या वा धर्माच्या असोत, दारापर्यंत पोंचवितात. ज्या सभासदाची गोष्ट वर सांगितली, त्याची धाकटी मुलगी यंदा आठवीस आहे. मंगळवारची पाळी त्यानें स्वतः मागून घेतली.