उतरण्याची जागा

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाताना ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ साली बांधलेले मुक्तांबाळचे छत्र तेथे आहे. मुक्तांबाळ ही राजांच्या प्रीतीतली स्त्री. राणीपद तिला लाभले नव्हते. आपल्या नावे वाटसरूंसाठी छत्र घालावे, एवढेच तिने मरणसमयी मागितले, असे सांगतात. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना अशा छत्रांत अन्न व निवारा मिळे, आजाऱ्याची शुश्रूषा होई. पंक्तिभेद तेथेही होताच, तो लपवण्याचे कारण नाही. परंतु दारी आलेल्याला आसरा मिळण्यापूर्वी आपल्या पूर्वायुष्याचा हिशेब द्यावा लागत नसे.

हे छत्र घालणारा राजा स्वतः कोंडवास भोगून आला होता. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्याला दत्तक घेतले आणि मिशनरी श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवले. पुढे अमरसिंहाने त्या मुलाला कोंडून ठेवले, तेव्हा श्वार्ट्झ त्याच्यासाठी उभे राहिले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले, ते पाहण्यास श्वार्ट्झ नव्हते. त्याच वर्षी ते प्रभूकडे गेले होते.

ओरत्तनाडूपासून फार दूर नाही अशा तिरुचिरापल्लीत आज स्त्रियांचे स्वतंत्र कारागृह आहे. आपल्याकडे येरवड्यास आहे, भायखळ्यास आहे. प्रिय वाचकहो, तेथून सुटणाऱ्या स्त्रीचा विचार आपण कधी केला आहे काय? पुरुष सुटतो तेव्हा बहुधा त्याची आई किंवा पत्नी वाट पाहत असते. स्त्री सुटते तेव्हा पुष्कळदा घरचे दार आधीच लागलेले असते, मुले नातलगांकडे विखुरलेली असतात. तिच्या हाती तुरुंगातील मजुरीचे थोडे पैसे असतात. पण भाड्याने खोली घ्यावी तर अनामत हवी, ओळख देणारा हवा, आणि मागचा पत्ता सांगावा तर तो तुरुंगाचा! मुंबईत १९९० पासून ‘प्रयास’ हा टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प अशांसाठी काम करीत आहे. पण हे काम चार कार्यकर्त्यांवर सोपवून आपण मोकळे होतो काय?

“तिला खरा पश्चात्ताप झाला आहे काय?” हा आपला पहिला प्रश्न असतो. प्रश्न निरर्थक नाही. ज्यांचे नुकसान झाले त्यांचे अश्रूही खरेच असतात, आणि ज्या गृहस्थाच्या घरी लहान मुले आहेत त्याच्या भीतीला मी पाप म्हणणार नाही. परंतु न्यायालयाने शिक्षेची वर्षे मोजून दिली. आपण जी देतो तिला माप कोठे आहे? शिवाय डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईने पश्चात्तापाची खूण दाखवावी तरी कशी? आधी आसरा, मग ओळख, हाच क्रम मला योग्य वाटतो. केडगावी पंडिता रमाबाईंनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले, तेव्हा त्यांनाही टीका ऐकावी लागली असेलच.

फिलेमोनास लिहिलेले पौलाचे पत्र या संदर्भात पुन्हा वाचावे. पौल स्वतः बंदिवान. तो अनेसिमाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. पण केवळ “क्षमा कर” एवढे सांगून थांबत नाही. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, असे तो लिहून देतो, म्हणजे जामीन राहतो. भीती एकट्या फिलेमोनाच्या माथी न टाकता तो तिचा वाटा उचलतो. आपल्या मंडळीत क्षमेवर उपदेश पुष्कळ होतात. पण अशा एखाद्या स्त्रीच्या खोलीच्या अनामतीवर पंचांनी सही केल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

आणि त्याच पत्राच्या शेवटी पौल आणखी एक गोष्ट मागतो, जिच्याकडे वाचताना आपले लक्ष सहसा जात नाही: आपण सुटून येऊ अशी आशा धरून तो फिलेमोनाला आपल्यासाठीही उतरण्याची जागा तयार ठेवण्यास सांगतो.