मधली वर्षे

१९७२ साली 'बडी पंतुलू' हा तेलुगू चित्रपट आला. पंतुलू म्हणजे मास्तर. आयुष्यभर शाळेत शिकवून उतारवयात मुलांच्या दारी परका ठरलेल्या एका मास्तरांची ही गोष्ट. मास्तर झाले होते एन. टी. रामाराव आणि त्यांची नात झाली होती नऊ वर्षांची श्रीदेवी. १९७९च्या जुलैत 'वेटगाडू' झळकला. नायक तेच रामाराव, वय छप्पन्न. नायिका श्रीदेवी, तिचे सोळावे वर्ष अजून सरायचे होते.

चित्रपटवेड्या माणसांच्या बैठकीत हा किस्सा हमखास निघतो आणि हसण्यावारी जातो. मला मात्र तो ऐकला की त्या मधल्या सात वर्षांचे काय झाले, हा प्रश्न पडतो. नातीची नायिका होईपर्यंत एक मुलगी वयात आली असणार, गोंधळली असणार, आरशापुढे एकटी उभी राहिली असणार. हे सारे तिने कुठे केले? उत्तर सरळ आहे. सेटवर, दिव्यांच्या उजेडात, दोन शॉटच्या मधल्या वेळात.

श्रीदेवी पहिल्यांदा पडद्यावर आली ती १९६९च्या 'तुणैवन' या तमिळ चित्रपटात, बालमुरुगन होऊन. तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती. त्या काळी तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड अशा चारही भाषांचे चित्रपट प्रामुख्याने मद्रासमध्ये, कोडंबाक्कम परिसरातल्या स्टुडिओंत तयार होत. एका भाषेत एखादे गुणी मूल दिसले की उरलेल्या तिन्ही भाषांना ते हवे असे. सकाळी एका फ्लोअरवर तमिळ, दुपारी शेजारच्या फ्लोअरवर तेलुगू, हे तिथे अवघड नव्हते. भाषा येत नसेल तर आवाज दुसऱ्याचा लावता येई. चेहरा तेवढा हवा असे, आणि चेहऱ्याला सुट्टी नसते.

१९७६ साली के. बालचंदर यांनी 'मूंड्रु मुडिच्चु' या तमिळ चित्रपटात तिला नायिका केले. त्या कथेत ती एका विधुराशी लग्न करते आणि त्याच्या तरुण मुलाची सावत्र आई होते. तो मुलगा झाला होता पंचविशीतला रजनीकांत. सावत्र आई तेरा वर्षांची होती. याच चित्रपटात कमल हासनही आहे. तोही बालकलाकार, १९६०च्या 'कळत्तूर कण्णम्मा'मधला. पण पोरवय सरल्यावर त्याने नाटक कंपनीत काम केले, नृत्य शिकला, नृत्यदिग्दर्शकाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग तो नायक झाला. एकाच सेटवर उभ्या असलेल्या या दोन बालकलाकारांपैकी एकाला मधली वर्षे मिळाली होती, दुसरीला नाही.

तेलुगूत तिला नायिका म्हणून रुजवले ते के. राघवेंद्र राव यांनी. त्यांच्या १९७८च्या 'पदहारेळ्ळ वयसु' या चित्रपटाच्या नावाचा अर्थच 'सोळा वर्षांचे वय'. श्रीदेवी पंधरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षीचा 'वेटगाडू' त्यांचाच. आता वीस वर्षे पुढे जाऊ. १९९९ साली याच राघवेंद्र रावांनी 'राजकुमारुडू'मधून आणखी एका बालकलाकाराला नायक म्हणून आणले. तो महेश बाबू. त्याचे वय चोविशीच्या उंबरठ्यावर.

महेश हा तेलुगूतले 'सुपरस्टार' कृष्णा यांचा मुलगा. चार वर्षांचा असताना १९७९च्या 'नीडा'त तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला. १९८९च्या 'कोडुकू दिद्दिन कापुरम'मध्ये तर त्याने दुहेरी भूमिका केली. त्याची कामे मुख्यतः शाळेच्या सुट्टीत होत, आणि १९९०नंतर तीही थांबली. शाळा झाली, मग मद्रासच्या लॉयोला कॉलेजातून वाणिज्य शाखेची पदवी, मग विशाखापट्टणमला एल. सत्यानंद यांच्याकडे काही महिने अभिनयाचे धडे. नऊ वर्षे प्रेक्षकांनी त्याला पाहिलेच नाही. तो परतला तेव्हा लोकांच्या आठवणीतला गुबगुबीत पोर मागे पडला होता आणि 'मुरारी', 'ओक्कडू', 'पोकिरी' या चित्रपटांतला शांत, कमी बोलणारा तरुण पुढे यायला जागा झाली होती. मराठी अभिनेत्री मीनाक्षी शिरोडकरांची नात नम्रता हिच्याशी त्याचे लग्न झाल्यापासून मराठी माणसाला तो जावयासारखा वाटतो. पण त्याच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती ही न दिसलेली नऊ वर्षे.

मधली वर्षे मिळाली म्हणजे यश मिळतेच, असे नाही. महेशचा थोरला भाऊ रमेश बाबू १९७४च्या 'अल्लूरी सीताराम राजू'मध्ये लहानपणीचा राजू झाला होता. १९८७ साली तो नायक म्हणून आला, दहा वर्षे धडपडला आणि मग अभिनय सोडून निर्माता झाला. 'अंजली' चित्रपटातल्या चिमुकल्या शामिलीवर सारा दक्षिण भारत लुब्ध होता, पण २००९च्या 'ओय!'मधून ती नायिका म्हणून आल्यावर तिची वाट फार लांब गेली नाही. तेजा सज्जाला मात्र ही मधली वर्षे फळली. १९९८च्या 'चूडालनी वुंदी'त तो चिरंजीवींबरोबर होता तेव्हा फक्त तीन वर्षांचा होता, आणि २०२४च्या 'हनुमान'ने तो देशभर पोहोचला. तेव्हा मधल्या वर्षांकडे यशाचा ताईत म्हणून पाहू नये. त्या वर्षांत माणसाला एवढे समजते की, मी न दिसलो तरी मी असतो. हे एकदा उमगले की अपयशही सोसते, आणि 'नको' म्हणण्याचे बळ येते.

हे बळ मुलग्यांच्या वाट्याला जास्त का आले? एका घराचेच उदाहरण घ्या. रोजा रमणी १९६७च्या 'भक्त प्रल्हाद'मधली चिमुकली प्रल्हाद. १९७२ साली ती मल्याळम 'चेम्परत्ती'ची नायिका झाली, तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिचा मुलगा तरुण 'अंजली'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या बालकलाकारांपैकी एक. तो 'नुव्वे कावाली'तून नायक झाला २००० साली, सतरा वर्षांचा होऊन. नायकाची कारकीर्द तीस-चाळीस वर्षांची धरली जाई. नायिकेची लग्नाबरोबर संपणार, असे सारेच गृहीत धरत. ज्याला इतका लांब पल्ला आहे त्याची नऊ वर्षे घरच्यांना परवडतात. जिच्याकडे दहाच वर्षे आहेत असे मानले जाते, तिचे एक वर्षही वाया गेल्यासारखे वाटते. या गणितात कोणी दुष्ट असण्याची गरज नव्हती. आईवडील प्रेमळ असतील, दिग्दर्शक सभ्य असतील, तरी एक मुलगी तेराव्या वर्षी बाई होत होती.

आज कायदा आहे. २०१७च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त राबवता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम देता येत नाही, मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावाने बँकेत ठेवावा लागतो. हे नियम हवेतच. पण ते तास मोजतात, दिवस मोजतात, पैसे मोजतात. वर्षे मोजणे कायद्याच्या हाती नाही. ते आईबापांनी आणि आपण प्रेक्षकांनी करायचे आहे. छोट्या पडद्यावर गाणारे, नाचणारे, मोठ्यांसारखे बोलणारे मूल पाहून आपण टाळ्या वाजवतो. ते मूल पुढच्या वर्षी दिसले नाही, तर हळहळण्याऐवजी आपल्याला बरे वाटले पाहिजे.

श्रीदेवीने मधल्या वर्षांशिवायही जे केले ते थक्क करणारे आहे. 'जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी'तली इंद्रजा आणि 'क्षण क्षणम'मधली भेदरलेली सत्या यांना तेलुगू प्रेक्षक अजून विसरलेला नाही. हिंदीत सुरुवातीच्या कित्येक चित्रपटांत तिचा आवाजही तिचा नव्हता. तो बऱ्याचदा नाझचा असे, म्हणजे 'बूट पॉलिश'मधल्या बेबी नाझचा. लहानपणीच पडद्यावर आलेल्या एका मुलीचा आवाज, तशाच दुसरीच्या ओठांवर. हिंदीत श्रीदेवीचा स्वतःचा आवाज ठळकपणे ऐकू आला तो १९८९च्या 'चांदनी'त.

तिला उसंत मिळाली ती १९९७च्या 'जुदाई'नंतर. पंधरा वर्षे मोठ्या पडद्यापासून दूर, घरात, दोन मुलींच्या संगतीत. २०१२ साली ती परतली ती पुण्याची शशी गोडबोले होऊन, नऊवारीच्या आणि नथीच्या ठरलेल्या खुणांशिवायही पटेल अशी मराठी गृहिणी. लाडू वळणारी, इंग्रजी येत नाही म्हणून घरातच हसू होणारी शशी न्यूयॉर्कला जाते आणि कोणाला न सांगता इंग्रजीच्या वर्गात नाव घालते. वही उघडून, थोडी अवघडून ती बसते, चुकते, पुन्हा प्रयत्न करते, आणि बरोबर आले की तिचा चेहरा उजळतो.

तो चेहरा बघताना मला दरवेळी 'बडी पंतुलू' आठवतो. मास्तरांची नात झालेली ती मुलगी, इतर मुली शाळेत जात होत्या त्या वयात सेटवर उभी होती. वर्गातल्या बाकावर तिला असे निवांत बसलेले आपण पाहिले, तेव्हा ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती.