कोपऱ्यावरची इमारत कोणाचं देणं लागते?

चर्चगेट स्टेशनसमोरचं इरॉस थिएटर, १९३८ सालचं, तुम्ही पाहिलं असेल. शोराबजी भेदवारांनी त्याची रचना केली. दोन रस्त्यांच्या कडेने इमारतीचे दोन पंख येतात आणि जिथे ते भेटतात तिथे, ऐन कोपऱ्यावर, टप्प्याटप्प्याने निमुळता होत जाणारा गोल मनोरा आहे. दारही तिथेच, गर्दीच्या तोंडावर. कुलाब्याचं रीगलही (१९३३) असंच चौकाकडे तोंड करून उभं आहे.

कोपरा गोल केला की मालकाची थोडी जागा जाते. चालणाऱ्याला मात्र वळणापलीकडून येणारा माणूस आधीच दिसतो, आणि कोणाची वाट बघत उभं राहायला चार फूट मिळतात.

याला मी औदार्य म्हणणार नाही. थिएटरला तिकिटं खपवायची होती. नाक्यावरच्या इराण्याला दोन्ही रस्त्यांवरचं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून त्याने दोन्हीकडे दारं ठेवली. (कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर दुकानदार घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात.) हेतू धंद्याचाच होता. पण त्या धंद्याला अनोळखी माणसाची गरज होती, आणि ज्याची गरज असते त्याला आपण पाठ दाखवत नाही.

आता रीडेव्हलपमेंटमध्ये उभा राहणारा टॉवर बघा. खाली पार्किंगचे मजले, भोवती कंपाउंडची भिंत, कोपऱ्यावर वॉचमनची केबिन. राहणारे गाडीतून आत जातात. पायी जाणाऱ्याकडून या इमारतीला काहीच नको असतं.

यात गैर काय? मालक म्हणेल, कॉर्नर प्लॉटचे जास्त पैसे मी मोजलेत. खरंय. पण तो जास्तीचा भाव आला कुठून? दोन सार्वजनिक रस्ते, त्यांच्यावरून येणारी हवा, उजेड आणि वर्दळ यांच्यातून. पैसे गेले आधीच्या मालकाच्या खिशात. रस्त्याला त्यातलं काही मिळालं नाही. मग निदान तो कोपरा बोथट करावा, वर एक छज्जा काढावा, एवढी अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

सध्या अशा भिंतीपाशी पावसात सापडलेला माणूस धावत समोरच्या पानटपरीच्या ताडपत्रीखाली जातो. टपरी अर्थातच बेकायदा असते.