गिअर जड पडतो तेव्हा

गाडीला नवा क्लच सेट बसला आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं. गाडी घरी आली आणि गिअर मात्र पूर्वीपेक्षा जड पडतो आहे. पहिला घालताना दांडा अडतो, रिव्हर्सला दात घासल्याचा आवाज येतो. एवढा खर्च करून हे का, असा राग मनात येणारच. तो येऊ द्या. हात तेवढा गिअरच्या दांड्यावरून काढून घ्या. आज आपल्याला कुठे जायचं नाही. गाडी सपाट आणि मोकळ्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. थोडा वेळ नुसते बसा.

आता आत काय चालतं ते डोळ्यांपुढे आणा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तेरा. त्याच वेगाने त्याच्या टोकाचं जड फ्लायव्हील फिरतं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते, आणि तिच्या मधल्या खाचांत गिअरबॉक्सचा शाफ्ट बसलेला असतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेट मागे हटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. ही मोकळीक एक मिलिमीटरहूनही कमी असते. तेवढी फट पूर्ण पडली की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे झाले. जरा कमी पडली तर प्लेट फ्लायव्हीलला घासत फिरत राहते. गॅरेजमध्ये याला ‘क्लच सुटत नाही’ म्हणतात.

त्या वेळी गिअरबॉक्समध्ये काय होतं तेही सावकाश पाहा. प्रत्येक गिअरजवळ एक सिंक्रो रिंग असते, बहुधा पितळेची. दोरीवरच्या उड्यांत शिरणारी मुलगी आधी बाजूला उभी राहून फिरत्या दोरीची लय अंगात घेते आणि मगच आत पाऊल टाकते. सिंक्रो रिंग हेच करते. दोन फिरत्या भागांचे वेग घर्षणाने सारखे करते आणि मग दातांत दात बसू देते. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय मोटारीत आणली. त्याआधी, आणि जुन्या ट्रकांवर त्यानंतरही कित्येक वर्षं, हे काम चालकाला डबल क्लच मारून स्वतः करावं लागे. पण रिंगला हे साधतं ते क्लच पूर्ण सुटला तरच. प्लेट घासत राहिली तर इंजिन शाफ्टला सतत फिरवत राहतं आणि त्या इवल्या रिंगला अख्ख्या इंजिनाशी झुंजावं लागतं. म्हणून जडपणा हाताला जाणवला तरी कारण पुष्कळदा पायाच्या बाजूला असतं.

हे मनात स्थिर झालं, की आता गाडीला एकेक प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न, इंजिन बंद असताना. क्लच पूर्ण दाबा. पहिला, दुसरा, तिसरा, असे सगळे गिअर हळूहळू घाला. एखादा लगेच पडला नाही तर घाबरू नका. उभ्या गाडीत कधी दातासमोर दातच येतो. क्लच सोडून पुन्हा दाबा आणि परत घालून बघा. हाताला काय जाणवलं ते लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न, इंजिन चालू करून. मोकळ्या हवेतच करा, बंद जागेत धूर जीवघेणा ठरतो. पुन्हा तेच गिअर, त्याच क्रमाने. बंद इंजिनावर सहज पडणारे गिअर चालू इंजिनावर अडत असतील, तर क्लच पुरता सुटत नाही असं धरून चाला. दोन्ही वेळा सारखाच जडपणा असेल तर बोट गिअरच्या जोडणीकडे किंवा गिअर ऑइलकडे जातं.

तिसरा प्रश्न, थांबून विचारायचा. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा आणि चार-पाच सेकंद तसाच धरा. मग रिव्हर्स घाला. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंग नसते, म्हणून तो खरं बोलतो. एवढं थांबूनही दात घासले, तर शाफ्ट अजून फिरतो आहे.

चौथा प्रश्न, पायाचा. पेडल दोन-तीनदा भरभर दाबल्यावर गिअर सोपा पडतो का? तेल-दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये असं झालं, तर नळीत हवा राहिल्याची दाट शक्यता आहे.

उत्तरं मिळाली. आता त्यांच्यापाशी जरा थांबा. प्रत्येक उत्तरामागे काम करताना राहून गेलेली एखादी गोष्ट असते, आणि तिचा शोध सोप्यापासून सुरू करावा.

सगळ्यांत आधी वाकून पेडलखाली बघा. जाड पायपुसणी पुढे सरकली असेल तर पेडल तळापर्यंत जातच नाही. मग क्लच वायर. मारुती ८०० सारख्या कितीतरी लहान गाड्यांत क्लच वायरने चालतो. नव्या सेटबरोबर पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबतानाची सुरुवातीची रिकामी चाल, नव्याने जुळवावा लागतो. वायर सैल राहिली तर पाय तळाला टेकला तरी प्लेट सुटत नाही. फार ताणली तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि नवा क्लच घसरू लागतो. किती फ्री प्ले ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. वायरच्या जागी तेल असेल तर डबीतली पातळी बघा. झाकणावर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेलच हवं, आणि हवा नीट काढून घ्यायला हवी.

इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळा गिअर जड पडत असेल तर आठवा, गिअरबॉक्स उतरवताना काय काय सोडावं लागलं असेल. गिअरच्या केबल किंवा दांड्या सोडून पुन्हा जोडल्या जातात, आणि त्यांचं माप किंचित चुकलं तरी दांडा अडतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ॲक्सल काढताना गिअर ऑइलही काढावं लागतं. परत भरताना ते कमी पडलं किंवा भलत्याच ग्रेडचं आलं, तर गिअर जड होतो, थंड सकाळी जास्तच. इंजिनाचं माउंटिंग वाकडं बसलं तरी केबल ओढल्या जातात.

यातलं काहीच नसेल, तर दोष आत आहे. प्लेट उलटी बसली असेल. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवर लोंबकळून प्लेट वाकली असेल. शाफ्टच्या खाचा गंजलेल्या किंवा कोरड्या राहिल्या असतील आणि प्लेट त्यांवर सरकत नसेल. किंवा सेटच दुसऱ्या मॉडेलचा असेल. अशा वेळी गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्यावाचून इलाज नाही. हे ऐकून छातीत धस्स होतं, हे मी जाणतो. पण वरच्या चार प्रश्नांची उत्तरं हातात असली, तर उतरवण्याचा निर्णय अंदाजाने होत नाही.

एक गोष्ट मनात नीट वेगळी करून ठेवा. नव्या क्लचचं पेडल वेगळं लागतं, गाडी उचलण्याची जागा बदलते, सुरुवातीला थोडा झटका जाणवतो. हे नवेपण आहे. काही शे किलोमीटर शांतपणे चालवल्यावर प्लेट बसते आणि पायालाही सवय होते. पण दात घासणं हे नवेपण नव्हे. ‘चालवत राहा, आपोआप मोकळा होईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. न सुटणारा क्लच चालवून सुटत नाही. प्रत्येक जबरदस्तीला सिंक्रो रिंग थोडी झिजते, आणि ती झिजली की मग गिअरबॉक्सच उघडावा लागतो. वायर जुळवण्याच्या कामाचं ते केवढं मोठं काम होऊन बसतं!

आता शेवटचं, गॅरेजमध्ये जाताना. ‘काम नीट केलं नाही’ या वाक्याने समोरचा माणूस बचावाला उभा राहतो आणि गाडी तिथेच राहते. त्याऐवजी असं सांगा: ‘इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात, चालू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स अडतो, पेडल दोनदा मारलं की सुटतो.’ एवढं ऐकलं की अनुभवी मिस्त्रीला कुठे बघायचं ते कळतं. त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा आणि जे तुम्हाला जाणवतं ते त्याच्या हाताला जाणवू द्या. बिल आणि काढलेले जुने भाग जपून ठेवा. केलेलं काम पुन्हा तपासून घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि तो शांत आवाजातही मागता येतो.

तोवर दांड्यावर जोर लावू नका. गिअर अडला की क्लच सोडा, पुन्हा दाबा, क्षणभर थांबा आणि मग घाला. तरीही अडत असेल तर गाडी चालवू नका, दाखवून घ्या.