मानपत्रात न लिहिलेलं

२ ऑक्टोबर १९५७. दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू होता, पंतप्रधान नेहरू पाहुण्यांत बसले होते, आणि शामियान्याने पेट घेतला. स्वयंसेवक म्हणून उभा असलेला चौदा वर्षांचा स्काउट हरिशचंद्र मेहरा खांबावर चढला आणि जवळच्या चाकूने त्याने जळतं कापड कापून काढलं. त्याचे हात भाजले, पण माणसं वाचली. त्या मुलाचं कौतुक देशाने करावं असं नेहरूंना वाटलं आणि त्यातून भारतीय बालकल्याण परिषदेचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार उभे राहिले. पुढे ही मुलं प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आधी हत्तींवर, मग जीपमध्ये बसून जाऊ लागली. घरोघरी आईवडील पोरांना हाक मारून ती दाखवत.

या मुलांची माहिती देणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या चौकटी मी आजही आवर्जून वाचतो. ऊर भरून येतो, आणि मग राग येतो. विहिरीत पडलेल्या भावंडाला बहिणीने बाहेर काढलं; मग त्या विहिरीला कठडा का नव्हता? पुराच्या पाण्यातून मित्राला ओढून आणलं. मग शाळेच्या वाटेवर साकव का नव्हता? विजेची तार, वस्तीत शिरलेला बिबट्या, फाटक नसलेले रेल्वेचे रूळ. प्रत्येक मानपत्र नीट वाचलं तर ते मोठ्यांच्या कामचुकारपणाचा पंचनामा ठरतं.

मुंबईचंच पाहा. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. धुराने भरलेल्या घरात दहा वर्षांच्या एका मुलीला शाळेत शिकलेलं आठवलं. तिने कपडा फाडून तुकडे ओले केले, शेजाऱ्यांना नाकातोंडावर धरायला लावले आणि घाबरलेल्या मोठ्या माणसांना धीर दिला. तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण त्या आगीत चार माणसं गेली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, आग विझवण्याची यंत्रणा बंद होती. शाळेने आपलं काम केलं होतं, मुलीने तर कितीतरी जास्त केलं होतं. ज्यांनी लोक राहायला येण्याआधी जिने चढून पाहायला हवं होतं, त्यांचं काय?

गुणवत्तेच्या पुरस्कारांची गोष्ट वेगळी आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना १९६५ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. १९७२मध्ये ते परदेशातून भारतात परत आले तेव्हा त्यांना काम करायला टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, आणि १९८८मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिथे सन्मानाच्या पुढे वाट असते. आताच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारात पाच ते अठरा वर्षांची बुद्धिबळपटू, संशोधक, गायक आणि शूर मुलं एकाच रांगेत उभी असतात. मला ही रांग पटत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीला पुढची स्पर्धा असते, प्रशिक्षक असतो. नदीत उडी घेतलेल्या मुलाने पुढे काय करायचं? पुन्हा उडी घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हाच त्याचा खरा सन्मान. बालकल्याण परिषदेने शूर मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची योजना चालवली, ती मोलाचीच. पण एकाला वाचवताना दुसरा हातातून निसटला असेल, तर त्या मुलाच्या रात्री कशा जातात, हे विचारायलाही कुणीतरी त्याच्या घरी गेलं पाहिजे.

प्रधानमंत्री बाल पुरस्कार आता २६ डिसेंबरला, वीर बाल दिवसाला दिले जातात. पदक घेऊन मूल गावी परततं तेव्हा शाळेच्या पटांगणात सत्कार होतो. व्यासपीठावर सरपंच, गटविकास अधिकारी, आमदार असे ज्यांच्या हाती ती विहीर, तो साकव, ती तार आहे तेच बसलेले असतात. शाल-श्रीफळ झाल्यावर शिक्षकांनी, पालकांनी उभं राहून त्यांना तिथेच विचारावं, की कठड्याचं काम कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं.